डोक्यापासून पायांपर्यंत

४ जून

बारके,

फोनवरच विचारलं असतं, पण फोन लावला की आई तो हातातून घेतात, आणि माझी पाळी येईपर्यंत तुझी कॉलेजची वेळ होते. म्हणून लिहिते. तूही लिहूनच कळव.

आमच्याकडे नवीन मेट्रन आल्या आहेत. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं की पुढच्या एप्रिलपासून वॉर्ड इन्चार्ज पदवीवाल्याच असतील. डिप्लोमावाल्यांनी तोवर पदवीचं निदान पहिलं वर्ष पास झाल्याचं दाखवायचं, नाहीतर जागा सोडायची. बायकांचा सर्जिकल वॉर्ड मी इतकी वर्षं सांभाळते, पण कागदावर अजून हंगामीच आहे. मला तो वॉर्ड सोडायचा नाही. याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही.

नोकरी करणाऱ्या नर्सेससाठी जी ऑनलाइन पदवी आहे, तिच्यासाठी नाव नोंदवलं आहे. तू तीच केलीस आणि आता शिकवतेसही. तेव्हा काय काय असतं ते सरळ सांग. वेळ किती जातो, कशात नापास करतात, कॅमेऱ्यासमोर परीक्षा म्हणजे काय. धीर देऊ नकोस. ते काम तुझ्या दादाने अंगावर घेतलं आहे. म्हणाला, "छान. आता घरात चष्मा शोधणाऱ्या दोघी होतील."

तुला सहावा की सातवा? आईंना विचारलं तर म्हणाल्या, "तिलाच विचार. पोट तिचं आहे."

वहिनी


१९ जून

वहिनी,

सातवा.

विचारलंस तसं लिहिते. सुरुवात सोपी वाटेल. पहिले काही दिवस पासवर्ड विसरण्यात जातील. व्याख्यानं आधीच रेकॉर्ड केलेली असतात, त्यामुळे तू ती भाजी चिरताना ऐकशील आणि तुला वाटेल अभ्यास झाला. तो झालेला नसेल. टेबलाशी बसून ऐकलंस तेवढंच राहील.

दर आठवड्याला चर्चेचा प्रश्न येतो. आपण उत्तर लिहायचं आणि इतर दोघींच्या उत्तरांवर मत द्यायचं. सगळ्या एकमेकींना शाबासकी देत असतात. तूही दे, गुण त्यालाच आहेत.

असाइनमेंटची मुदत संपली की खिडकी बंद होते. तुझी ड्यूटी बदलली, वॉर्डात कोणी गेलं, बदली नर्स आलीच नाही, हे सांगायला तिथे माणूस नसतो. एक शिक्षिका असते. तिला आधी कळवलं तर ती ऐकते, नंतर कळवलं तर ऐकत नाही. परीक्षेला कॅमेरा चालू असतो आणि नजर पडद्यावरून हलली की नोंद होते. आपल्याला दाराकडे बघायची सवय, कोणी बोलावलं का म्हणून. माझ्या नावावर अशा बऱ्याच नोंदी झाल्या होत्या. ती सवय आतापासून मोड.

जड दोनच गोष्टी जातील. एक, स्वतःच्या कामाबद्दल लिहायचा निबंध. दुसरी, व्हिडिओ. घरातल्या एका माणसाची डोक्यापासून पायांपर्यंत तपासणी करायची, न थांबता, आणि ते सगळं रेकॉर्ड करून पाठवायचं. डोळे, मान, छाती, पोट, गुडघे. त्यातच स्मरणही येतं. वार आणि महिना विचारायचा, तीन शब्द सांगायचे आणि थोड्या वेळाने परत विचारायचे. हा व्हिडिओ दादावर करू नकोस, त्याला गुदगुल्या होतात. आईवर कर. ती निदान एका जागी बसेल. गप्प बसेल असं म्हणत नाही.

बारकी


२८ सप्टेंबर

बारके,

तुझ्या लेकीचा फोटो आईंनी शेजारच्या जिन्यापर्यंत फिरवला. नाक आपल्याकडचं नाही यावर घरात एकमत आहे. तू नीट जेव आणि झोप, हे मी नर्स म्हणून सांगत नाही.

तू लिहिलंस तसंच सगळं चाललं आहे. चर्चेत मी आता तरबेज झाले. 'मी आपल्या मताशी सहमत आहे आणि त्यात थोडी भर घालू इच्छिते' हे वाक्य इतक्यांदा लिहिलं की तुझ्या दादाने उचललं. काल म्हणाला, "मी आपल्या मताशी सहमत आहे आणि त्यात थोडी भर घालू इच्छितो. गीझर बंद पडला आहे."

निबंध मात्र परत आला. विषय होता, तुम्ही घेतलेला एक कठीण निर्णय. मी त्या टाके उसवलेल्या पेशंटबद्दल लिहिलं, ज्यांना डॉक्टर येईपर्यंत मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. 'जखमेवर निर्जंतुक कापड ठेवण्यात आले. नातेवाईकांना बाहेर थांबण्यास सांगण्यात आले.' शिक्षिकेने खाली लिहिलं, 'हे सर्व कोणी केलं? त्या वेळी तुम्ही कुठे होतात?' मी उत्तर पाठवलं, ड्यूटीवर. त्यावर बाईंनी हसल्याचं चिन्ह पाठवलं आणि निबंध पुन्हा लिहायला सांगितला. मी वॉर्डात लिहिते तसं लिहिलं होतं, दुसरं मला येत नाही. पुन्हा लिहिला. प्रत्येक वाक्यात 'मी' आला. वाचून लाज वाटली. पास झाले.

आता व्हिडिओ राहिला. त्यानंतर लेखी परीक्षा, मग वर्ष पूर्ण.

वहिनी


२३ ऑक्टोबर

वहिनी,

बाळ ठीक आहे. मी बाळाच्या वेळेवर चालते. रजा फेब्रुवारीत संपेल. ह्यांची नोकरी फिरतीची, ते घरी असले तर असले. कॉलेजजवळच्या पाळणाघरात नाव लावून ठेवलं आहे.

एक विचारायचं होतं. आई फोनवर बाळाचं वजन विचारते. मी सांगते. फोन ठेवायच्या आत पुन्हा विचारते. परवा असं बरेचदा झालं. मी हटकलं तर म्हणाली, "वजन वाढतंय का ते बघत होते." मी हसले. पण फोन ठेवल्यावर बसून राहिले.

तू रोज बघतेस. तुला काही वाटतं का?

बारकी


१६ नोव्हेंबर

बारके,

व्हिडिओ झाला आणि पासही झाला. पैकीच्या पैकी गुण. पाठवते आहे, तूही बघ.

पहिला नीट झाला नव्हता. आई थट्टाच करत राहिल्या. आज वार कोणता विचारलं तर म्हणाल्या, "तुझा सुटीचा." महिना विचारला तर म्हणाल्या, "भिंतीवर कॅलेंडर कशाला टांगलंय मग?" तीन शब्द दिले होते, चावी, पेरू आणि पूल. परत विचारल्यावर म्हणाल्या, "तुझे शब्द, तू सांभाळ." असा व्हिडिओ पाठवून कसं चालेल? अर्ध्या प्रश्नांना उत्तरच नाही. राउंडच्या आधी एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही ही आपली सवय. मी तो पुसून टाकला आणि दुसरा करायचं ठरवलं.

आईंना फार लागलं. "माझ्यामुळे तू नापास नको व्हायला," म्हणाल्या. मग दोघींनी तयारी केली. दोन दिवस पोळ्या करताना मी वार विचारायचे, त्या सांगायच्या. शब्द पाठ केले. "आमच्या वेळी सासू सुनेची परीक्षा घ्यायची," म्हणाल्या, "आता वारं फिरलं." दुसऱ्या वेळी एकही उत्तर चुकलं नाही. गुडघ्यावर हातोडी मारली तेव्हा मला लाथ बसली, तेवढंच.

तू विचारलंस त्याबद्दल. वय झालं आहे. एकच गोष्ट दोनदा विचारतात, कधी तिसऱ्यांदाही. वॉर्डातल्या त्यांच्या वयाच्या बायका यापेक्षा जास्त विसरतात. बाकी खाणंपिणं, चालणं, झोप चांगली. बीपी तुझ्या दादापेक्षा बरं.

खाली त्यांना दोन ओळी लिहायच्या आहेत.

वहिनी

बारके, तुझ्या वहिनीने माझे डोळे, कान, पोट सगळं बघितलं. सासूला इतकं कोणी बघत नसेल. पास झाले. बाळाचं वजन किती ते कळव. आई


८ डिसेंबर

वहिनी,

व्हिडिओ बघितला. एकटीने बघितला, मग ह्यांच्याबरोबर बघितला. आई काय ताठ बसली आहे. शब्द तर असे सांगितले की मलाच आधी आठवले नव्हते. माझ्या मनात काय काय येऊन गेलं होतं ते आता लिहीत नाही. त्या फोननंतर मी आमच्या कॉलेजच्या पुस्तकातला तो धडा काढून बसले होते. आता मिटला.

तुझी तपासणीही चांगली आहे. हात कुठे अडखळत नाही. मी रजेवर असले तरी सोमवारी ऑनलाइन तास घेते, त्यात माझ्या विद्यार्थिनींना दाखवली. कोणाची कोण ते सांगितलं नाही. नमुना म्हणून दाखवली.

आता ठरलेलं सांगते. पाळणाघराचं नाव काढून टाकलं. फेब्रुवारीत आई इकडे येईल. सकाळी मी गेले की संध्याकाळपर्यंत बाळ तिच्याकडे. तिच्याइतके मुरलेले हात पाळणाघरात कुठले? फोनवर सांगितलं तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिने दादाला हाक मारून मारून सांगितलं. दादाने तिला गाडीत बसवून द्यावं. इथे मी उतरवून घेईन.

तू नाही म्हणणार नाहीस असं धरून चालले आहे.

बारकी


१४ जानेवारी

बारके,

उत्तराला उशीर केला. मुद्दाम केला. आता लिहिते.

आईंना बाळाजवळ एकटं ठेवू नकोस.

काय झालं ते क्रमाने सांगते. खालच्या मजल्यावरच्या सुनेचं बाळ तुझ्या बाळाहून थोडं मोठं आहे. परवा तिला बँकेत जायचं होतं, म्हणून तिने बाळ आईंकडे ठेवलं. मी ड्यूटीवर होते. आईंनी त्याचे कपडे बदलले, गुंडाळलं, झोपवलं. सगळं नीट. मग आतल्या खोलीचं दार लावून घेतलं, बाहेर कुलूप घातलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. ती परत आली तर दाराला कुलूप. आई दुकानाच्या पायरीवर गप्पा मारत होत्या. तिने विचारलं, "बाळ कुठे आहे?" आई म्हणाल्या, "कुणाचं?"

बाळाला काही झालं नाही. झोपलेलं होतं. उशीसुद्धा दोन्ही बाजूंना बरोबर लावलेली होती. हातांना सगळं येतं आहे. बाळ घरात आहे हे मात्र त्यांच्या डोक्यात नव्हतं.

संध्याकाळी मी त्यांना महिना विचारला. म्हणाल्या, "चावी, पेरू, पूल." काहीही विचारलं तरी आता तेच सांगतात, आणि सांगितलं की माझ्याकडे बघतात, बरोबर का म्हणून. हे मी त्यांच्याकडून घोकून घेतलं. पहिल्या व्हिडिओत जे दिसलं ते मला दिसलं होतं. वॉर्डात एखादीने वार सांगितला नसता तर मी लगेच डॉक्टरांना बोलावलं असतं. घरात मी त्याला थट्टा म्हटलं, आणि मग चूक दुरुस्त करायला बसले. तुला लिहिताना 'वय झालं' म्हणाले. ते खरं नाही हे लिहिताना कळत होतं.

तुझ्या दादाला सांगितलं आहे. स्मृतीच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली.

कोर्सला कळवायचं की नाही ते ठरत नाही. कळवलं तर व्हिडिओ बाद होईल, तो विषय पुन्हा करावा लागेल आणि एप्रिलपर्यंत वर्ष पूर्ण होणार नाही. वॉर्ड जाईल. नाही कळवलं तर कोणाला कळणार नाही. असं आहे.

वहिनी


१८ जानेवारी

वहिनी,

पत्र वाचून पहिल्या दिवशी मी जे लिहिलं ते फाडलं. ते तुला कधी कळणार नाही, आणि विचारूही नकोस.

शिक्षिका म्हणून एक सांगते. तपासणी निरोगी माणसाचीच हवी असं कुठेही लिहिलेलं नाही. काय दिसलं ते नोंदवायचं, एवढंच असतं. तू पुसलास तो पहिला व्हिडिओ पाठवला असतास आणि खाली 'स्थळकाळाचं भान अपुरं, शब्द आठवले नाहीत, पुढील तपासणी आवश्यक' असं लिहिलं असतंस, तर तुला तेवढेच गुण मिळाले असते. कदाचित मलाही दोन महिने आधी कळलं असतं.

मुलगी म्हणून सांगते. मीही फोनवर ऐकलं होतं. मी पोटची. तरी कानांवर नाही, व्हिडिओवर विश्वास ठेवला.

डॉक्टर विचारतील की हे कधीपासून. त्या वेळची एकच तपासणी आपल्याजवळ आहे आणि ती म्हणते की नोव्हेंबरमध्ये आई ठणठणीत होती. ती दाखवू नकोस.

सोमवारी माझा तास आहे. विद्यार्थिनींना सांगणार आहे की नमुना म्हणून दाखवलेली तपासणी चुकीची होती आणि मी ती ओळखली नाही. कोर्सचं तुझं तू ठरव. त्यात मी बोलणार नाही.

पाळणाघरात विचारलं. आता यादीत शेवटी नाव आहे. रजा बिनपगारी वाढवून घेतली. शुक्रवारी बाळाला घेऊन येते. आईला सांगू नकोस, मी येणार म्हणून ती दिवसभर दारात उभी राहील.

बारकी


३० मार्च

बारके,

तू गेल्यापासूनचं लिहिते.

नवीन गोळ्यांचा फरक डॉक्टर म्हणाले तेवढाच आहे, म्हणजे फारसा नाही. दिवसा बसायला एक बाई मिळाली. आई तिला माझी मैत्रीण समजतात आणि चहा करून देतात. गॅस ती बाई पेटवते. तू आणि बाळ इथे होतात ते दिवस त्यांच्या लक्षात आहेत का, सांगता येत नाही. पण कोणी जिन्यात बाळ घेऊन चढलं की उठून दार उघडतात.

शिक्षिकेला मी तू इथे असतानाच लिहिलं होतं. तुला बोलले नाही. तुझं तोंड बघून मी ठरवलं असं तुला वाटू नये म्हणून. बाईंनी व्हिडिओ बाद केला आणि विषय पुन्हा करायची परवानगी दिली. आधी कळवलं असतंत तर, असं त्यांनी लिहिलं नाही.

एप्रिलपासून वॉर्ड दुसऱ्या सिस्टरकडे, ती ताबा घ्यायला आताच आली आहे. आपल्यापेक्षा बरीच लहान आहे, पदवी आहे, वागायला बरी. मी त्याच वॉर्डात आहे, तिच्या हाताखाली. परवा तिने विचारलं, "सिस्टर, मलमपट्टीची ट्रॉली तुम्ही कुठे ठेवत होतात?" मी सांगितलं. तिने दुसरीकडे ठेवली. मला राग आला, आणि मग बघितलं तर तिथून दोन्ही बाजूंच्या खाटांना सोयीची पडते. मेट्रन म्हणाल्या की वर्ष पूर्ण झालं की बघू. बघू म्हणजे काय ते मला माहीत आहे.

आज सकाळी व्हिडिओ पुन्हा केला. माझी दुपारची ड्यूटी होती, तुझ्या दादाने फोन धरला. या वेळी आधी काहीच विचारलं नाही. शब्द नवे घेतले. आईंना खुर्चीत बसवलं, बाही वर केली, बीपी घेतलं, डोळे, मान, छाती, सगळं रीतसर. मग वार विचारला. आईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नेहमी माझ्या तोंडाकडे बघून उत्तर शोधतात आणि माझ्याही नकळत मी ते देत असते. आज मी तोंड स्थिर ठेवलं. पेशंटसमोर ठेवतो तसं. मला वाटलं आता थट्टा येईल. आली नाही.

"माहीत नाही गं," म्हणाल्या.

महिना विचारला. "तोही नाही." शब्द विचारले. "कुठले?" म्हणाल्या. मी पुढे गेले. पोट, गुडघे, पाय. पायांना सूज नाही. तुझ्या दादाने मध्येच फोन दुसऱ्या हातात घेतला, म्हणून शेवटचा भाग थोडा तिरका आला आहे. तसाच पाठवणार आहे.

सगळं झाल्यावर मी फोन बंद केला, बीपीचा पट्टा गुंडाळला. आई तशाच बसून.

"लागला का निकाल?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, "नाही अजून. वेळ लागेल."

"मग बसते मी."

"आई, उठा आता. झालं सगळं."

"तू जा कामाला," म्हणाल्या. "कोणी विचारायला आलं तर समोर माणूस हवं."

बाही अजून वरच होती. तुझा दादा खाली करायला गेला तर त्यांनी हात बाजूला घेतला. दोन वाजता मी निघाले तेव्हा तशाच बसल्या होत्या, दाराकडे तोंड करून. तो शेजारी खुर्ची ओढून बसला होता.

वहिनी